मुक्कामी गाडीची वेळ

उंद्री,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

प्रिय जयू,

सप्रेम जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू दचकशील. दर पंधरा दिवसांनी आपण कोर्टात भेटतो आणि तरी मी पत्र पाठवते आहे. पण तिथे तू सरकारी वकील मॅडम असतेस आणि मी फाईल धरून मागे उभी असलेली हवालदार. तिथे तुला ‘जयू’ म्हणता येत नाही. फोन करायला दोनदा बसले, दोनदा ठेवून दिला. चिखलीच्या वसतिगृहात भांडण झालं की आपण एकमेकींच्या उशीखाली चिठ्ठी ठेवायचो, तसंच हे समज.

टाकळवाडीच्या खटल्याबद्दल विचारायचं आहे. तुझ्याकडे ढीगभर खटले असतात, म्हणून थोडक्यात आठवण देते. गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला गजेंद्रभाऊंचा गोठा जळाला. आत सोयाबीनची पोती होती आणि त्यांचा सालदार मोतीराम तिथेच पडलेला होता. त्याचे दोन्ही हात भाजले. आग पावणेआठला लागली, हे पक्कं आहे, कारण अग्निशमनच्या गाडीसाठी फोन तेव्हाच गेला. त्याच दिवशी सकाळी मालवाहू रिक्षा शेतातून नेण्यावरून गजेंद्रभाऊंचं आणि गावातल्या रिक्षावाल्या अश्वजितचं भांडण झालेलं. गजेंद्रभाऊंनी त्याचं नाव घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला उचललं.

त्याला गोठ्याच्या वाटेवर पाहिलेली एकच साक्षीदार आहे, एस.टी.च्या थांब्यासमोर राहणारी सत्यभामाबाई. तिच्या जबाबात आहे, ‘सायंकाळी साडेसात वाजताचे सुमारास सदर इसम बसमधून उतरून गोठ्याचे दिशेने जाताना मी पाहिला.’ म्हणजे आगीच्या पंधरा मिनिटं आधी. अश्वजित मात्र पहिल्या दिवसापासून म्हणतो की मुक्कामी गाडी त्या दिवशी उशिरा आली आणि आग लागली तेव्हा तो गाडीतच होता. ही गाडी वेळापत्रकात साडेसातची. संध्याकाळी गावात येते, रात्री तिथेच थांबते, सकाळी परत जाते.

परवा फाईल आवरताना एक कागद सापडला. आमच्या ठाणेदार साहेबांनी एस.टी. आगाराला गाडीची वेळ विचारली होती, त्याचं उत्तर. वाटेत टायर फुटला, गाडी टाकळवाडीला नऊ वाजून दहा मिनिटांनी पोचली.

चार्जशीटला हा कागद नाही. आरोपीकडेही गेलेला नाही. दहा नोव्हेंबरपासून साक्षी सुरू होणार. आता हा कागद कसा द्यायचा, ते सांग. झेरॉक्स सोबत आहे.

माझी काजल बारावीच्या अभ्यासात बुडाली आहे. तुला नमस्कार सांगते.

तुझी,
सारिका


बुलढाणा,
शनिवार, २७ सप्टेंबर

प्रिय सारिका,

तुझं अक्षर अजून पंचनाम्यासारखंच आहे. ओळी सरळ, समास सोडलेला, फक्त खाली पंचांच्या सह्या नव्हत्या. हसू आलं, आणि पत्र वाचून संपेपर्यंत गेलंही.

घाबरू नकोस. असं होतं. चार्जशीट गेल्यावर उत्तरं येतात, कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतात. कागद आरोपीच्या बाजूचा असला तरी आपल्याला तो द्यावाच लागतो. आपल्याला जड जातो म्हणून ठेवून घेता येत नाही. साहेबांच्या सहीचं एक पत्र कर, ‘सदर कागद नजरचुकीने दोषारोपपत्रासोबत जोडावयाचा राहून गेला’, आणि त्यासोबत माझ्याकडे पाठव. मी कोर्टात दाखल करीन आणि एक प्रत आरोपीच्या वकिलाला देईन. मनाली नावाची मुलगी आहे, विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेली. धडपडी आहे.

दोन गोष्टी. तू पाठवलेल्या झेरॉक्सवर उजवा कोपरा आलेला नाही. आवक शिक्का तिथेच असतो. तो दिसला पाहिजे, कागद कधी आला हे न्यायाधीश आधी विचारतील. दुसरी प्रत पाठव.

आणि सत्यभामाबाईंचं म्हणशील तर, म्हाताऱ्या माणसाची वेळेत गफलत होते. मी तिला पिंजऱ्यात तसंच विचारीन. ‘बाई, तुम्हाला नक्की आठवत नाही ना?’ ती नाही म्हणेल. चूक तिच्या वयावर जाईल, तुझ्यावर किंवा साहेबांवर येणार नाही. मुलगा सुटायचा असेल तर सुटेल.

देऊळघाटला आईकडे जाऊन आले. तिने तुझ्यासाठी लसणाची चटणी दिली आहे. पुढच्या तारखेला घेऊन येते. मॅडमच्या हातून हवालदाराला डबा, बघू कोण काय म्हणतं.

तुझी,
जयमाला


उंद्री,
शुक्रवार, ३ ऑक्टोबर

प्रिय जयू,

काल धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात गेले होते, साधी पांढरी साडी नेसून. गर्दी होती. बसायला जागा शोधत होते तर पुढच्या सतरंजीवरून एक म्हातारे गृहस्थ सरकले आणि म्हणाले, “जयभीम ताई, बसा इथं.” वर पाहिलं तर किसनराव. अश्वजितचे वडील. टाकळवाडीहून वंदनेला आलेले. मी त्यांच्या शेजारी बसले. पंचशील म्हणताना ‘खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन’ हे शब्द आले तेव्हा ते मोठ्याने म्हणत होते आणि माझे ओठ नुसते हलत होते.

जयू, तुझ्या पत्राचं मी काय करू? तू मला वाचवायला निघालीस आणि मी तुला खोटं सांगितलेलं आहे.

कागद परवा सापडलेला नाही. तो सहा मार्चला आला. आवक शिक्क्यावर माझीच सही आहे. झेरॉक्स काढताना कोपरा मी दुमडला होता.

मार्चमध्ये तो साहेबांना दाखवला. ते म्हणाले, “चार्जशीट गेलं ना? राहू दे फाईलीत. कोर्टानं मागितलं तर देऊ.” मी दुसऱ्यांदा बोलू शकले असते. बोलले नाही. का नाही, ते सांगते. अश्वजितला आणलं त्या दिवशी गजेंद्रभाऊंची माणसं ठाण्यात आली होती. त्यातला एक माझ्याकडे बघून म्हणाला, “काय तपास होते बे इथं! हवालदारीणबाई त्यायचीच हाये.” साहेब हसले आणि म्हणाले, “आमची सारिका कडक आहे. नातंगोतं बघत नाही.” मला ते फार आवडलं. अठरा वर्षांच्या नोकरीत असं कोणी चारचौघांत म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी कडक राहिले. तो कागद दुसऱ्यांदा पुढे केला असता तर लोक म्हणाले असते, आपल्या माणसाला वाचवते. आरोपी दुसऱ्या कोणत्या समाजाचा असता तर मी साहेबांच्या मागे लागून तो कागद पाठवला असता. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

आणि दुसरं याहून वाईट आहे. सत्यभामाबाईची काही गफलत झालेली नाही. तिने साडेसात कधी म्हटलंच नाही. तिच्या घरात घड्याळ नाही. ती म्हणाली होती, “मुक्कामी गाडी आली तवा मी दारात बसेल होती. किसनाचं पोरगं उतरलं आन् गोठ्याच्या वाटेनं गेलं.” मी आधी जबाब हाताने वहीत लिहून घेते, मग ठाण्यात येऊन टाईप करते. कच्च्या वहीत ‘मुक्कामी गाडी’ आहे. टाईप करताना मी ‘साडेसात’ केलं. वाईट हेतूने नाही केलं, जयू. आम्ही नेहमीच करतो. लोक म्हणतात ‘शाळा सुटली तवा’, आम्ही लिहितो पाच वाजता. लोक म्हणतात ‘दूध घालाच्या टायमाले’, आम्ही लिहितो सहा. निवडणुकीचा बंदोबस्त होता, जबाब उरकायचे होते. गाडी साडेसातची, म्हणून साडेसात.

तिला जबाब वाचून दाखवला होता का? दाखवला. भरभर. तिने अंगठा दिला.

मागच्या महिन्यात तिला समन्स द्यायला मीच गेले. तिने विचारलं, “बाई, कोर्टात मले काय सांगा लागन?” मी म्हटलं, जे पाहिलं ते सांगायचं. ती म्हणाली, “म्या त उशिराच्या गाडीले पाह्यलं त्याले. जाळ त कवाचाच लागेल होता. सारं गाव तिकडं पळेल होतं, माह्ये गुडघे दुखतात म्हणून मी इथंच.” तिला कोणी विचारलंच नव्हतं की आग आधी की गाडी आधी. मी विचारलं नव्हतं. तिथून आले आणि तुला पत्र लिहायला बसले.

आता तू तिला पिंजऱ्यात उभी करून विसराळू म्हणशील आणि ती मान डोलावेल. तसं करू नकोस.

अश्वजित अकरा महिने आत आहे.

सारिका


बुलढाणा,
शनिवार, ११ ऑक्टोबर

सारिका,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

कच्ची वही कुठे आहे? ती जशी आहे तशी राहू दे. पान फाडू नकोस, काही खोडू नकोस, कोणाला देऊ नकोस.

यापुढे या विषयावर मला काही लिहिण्याआधी विचार कर. मी कोण आहे हे लक्षात ठेवून लिही.

जयमाला


उंद्री,
गुरुवार, १६ ऑक्टोबर

जयमाला मॅडम,

असंच लिहायचं ना आता?

दोन दिवस तुझं चार ओळींचं पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. ‘मी कोण आहे हे लक्षात ठेव.’ लक्षात होतं म्हणूनच आधी खोटं लिहिलं होतं. मग वाटलं, ही जयू आहे, हिच्यापासून काय लपवायचं. चुकलंच माझं.

तू वरिष्ठांना कळवणार असशील तर कळव. पण ते तीन तारखेचं पत्र मला परत कर. एवढीच विनंती आहे. त्यात माझ्या हाताने लिहिलंय की मी कागद दाबला, कोपरा दुमडला, वेळ टाकली. ते कोणाच्या हाती गेलं तर माझी नोकरी जाईल. काजलचे बाबा गेल्यापासून घरात कमावणारी मी एकटी आहे. तिला नर्सिंगला जायचंय. तिला काय सांगू, तुझी आई कशाने घरी बसली?

साहेबांनी ‘नजरचुकीने’चं पत्र सही करून दिलं. ते तुझ्या ऑफिसला पोचलं असेल. सही करताना त्यांनी वहीचं विचारलं. मी म्हटलं, घरी आहे. ते म्हणाले, “कच्च्या वह्या कोण जपून ठेवतं गं? रद्दीत घाल. उद्या कोणी मागितली तर नाही म्हणता आलं पाहिजे.” रागावून नाही म्हणाले, समजावणीच्या सुरात म्हणाले. त्यांना निवृत्तीला चौदा महिने आहेत.

वही ज्वारीच्या कोठीत ठेवली आहे. दळणाला ज्वारी काढायला गेलं की हात लागतो. काल काजलने विचारलं, “आई, कोठीत कशाची वही हाये?” मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, “नुसतं विचारलं वं. आरोपी थोडीच हावो मी!” आणि हसली. मला हसता आलं नाही.

पत्र परत पाठव.

सारिका


बुलढाणा,
रविवार, २६ ऑक्टोबर

प्रिय सारिका,

मॅडम म्हणू नकोस. ते चार ओळींचं पत्र मी तुला धमकवायला लिहिलं नव्हतं. तू जितकं जास्त लिहिशील तितकं तुझ्यावर येईल, म्हणून थांबवायला लिहिलं. धड समजावून लिहायचं धैर्य मला नव्हतं, कारण समजावायला बसले असते तर माझंही लिहावं लागलं असतं. दिवाळीभर टाळलं. भाऊबीजेला देऊळघाटला भाऊ म्हणाला, “ताई, ओवाळतेस मले आन् पाहून राह्यली भिंतीकडं.” आज लिहिते.

चार्जशीट कोर्टात जाण्याआधी माझ्याकडे तपासायला येतं, तुला माहीत आहे. फेब्रुवारीत टाकळवाडीचं आलं. सत्यभामाबाईच्या जबाबावर, ‘साडेसात’च्या बाजूला मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं होतं. अंगठा देणारी म्हातारी इतकी नेमकी वेळ कशी सांगते, असं मनात आलं होतं. पण चार्जशीटची नव्वद दिवसांची मुदत संपायला तीन दिवस उरले होते. परत पाठवलं असतं तर मुदत टळली असती, मुलगा जामिनावर सुटला असता, आणि वरून विचारणा मला झाली असती. मी खोडरबर घेतलं आणि ते प्रश्नचिन्ह पुसलं. तू टाईप केलेल्या ओळीला मी पुसून जागा करून दिली.

जूनमध्ये जामिनाचा अर्ज आला. मी उभी राहून म्हटलं, “साक्षीदार वेळ स्पष्ट सांगते, आरोपीच्या म्हणण्याला कागदाचा आधार नाही.” मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “गाडी उशिरा आलती साहेब! माह्या पोरानं काई नाई केलं!” शिपायाने त्यांना बाहेर नेलं. किसनरावच होते. मी वळूनही पाहिलं नाही. जामीन नाकारला. तुझा कागद तेव्हा तीन महिन्यांचा झाला होता, हे मला आता कळतंय. पण प्रश्नचिन्ह माझं होतं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

म्हणजे मी तुझ्या पहिल्या पत्राला इतक्या शहाणपणाने उत्तर दिलं, म्हातारीवर ढकलायची वाट दाखवली, ती तुझ्यासाठी नव्हती. माझ्यासाठी होती.

आता पुढचं. साहेबांचं पत्र माझ्या टेबलावर आहे. ‘नजरचुकीने’ हे खरं नाही, हे कळल्यावर मी ते कोर्टापुढे ठेवू शकत नाही. पण त्यासाठी आगाराचा कागद आणखी अडवूनही ठेवता येत नाही. तो मी उद्या सकाळी मनालीला देते आहे, सोबत काही न लिहिता. मूळ कागद मी मागवून घेतला आहे, कोपऱ्यासकट.

तुझं तीन तारखेचं पत्र परत देता येणार नाही, सारिका. एक हवालदार सरकारी वकिलाला कळवते की साक्षीदाराने वेळ सांगितलीच नव्हती. हे कळल्यावर मी ते आरोपीच्या वकिलापासून ठेवून घेणं म्हणजे तू मार्चमध्ये केलंस तेच. फरक एवढाच की मला कायदा जास्त येतो.

मी सहा नोव्हेंबरपर्यंत थांबते. तोवर तू स्वतः वही घेऊन येऊन जबाब दिलास तर तुझं पत्र देण्याची वेळच येणार नाही. तुझ्या जबाबात सगळं आलेलं असेल. नाही आलीस तर मी पत्र देईन. आणि दोन्हींपैकी काहीही झालं तरी माझ्या खोडरबराचं मी न्यायाधीशांना सांगणार आहे.

तू माझ्यावर रागावशील. हे सगळं लिहूनही मी तुझी मैत्रीण म्हणून सही करते आहे. पटलं नाही तर खोड.

तुझी मैत्रीण,
जयू


उंद्री,
गुरुवार, ३० ऑक्टोबर

जयू,

रागावले. दिवसभर. मग रात्री काजलला सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाली, “त्याचं वय काय हाये?” मी म्हटलं, चोवीस. ती म्हणाली, “म्हंजे आत गेला तवा तेवीसचा.” आणि ताट उचलून आत गेली.

सोमवारी रजा टाकून मनालीताईंच्या ऑफिसला जाते. वही देते, जबाब देते.

पण तू पत्रही दे. फक्त तीन तारखेचं नको, पहिलंही दे. ज्यात ‘परवा सापडला’ लिहिलंय ते. जबाबात मी स्वतःला थोडं बरं करून लिहीन, माझी मला खात्री आहे. अठरा वर्षं दुसऱ्यांचे जबाब तेच करत आले आहे.

सारिका


बुलढाणा,
मंगळवार, ११ नोव्हेंबर

प्रिय सारिका,

काल तुला कोर्टाबाहेर थांबवून घेतलं होतं, म्हणून आत काय झालं ते लिहिते. फोनवर सांगता आलं असतं, पण मला हे लिहूनच सांगायचंय.

मनालीने जामिनाचा अर्ज वाचला. तुझी वही, आगाराचा कागद, तुझा जबाब, दोन पत्रं, सगळं एकेक करून पुढे ठेवलं. न्यायाधीशांनी आधी कागदाचा कोपरा पाहिला. मग माझ्याकडे पाहून विचारलं, “हा मार्चपासून कुठे होता?” मी म्हटलं, “ठाण्यात. पण सरकार पक्षाला शंका त्याआधी, फेब्रुवारीतच आली होती. ती शंका मी पुसली.” आणि सांगितलं. लिपिकाने टाईप करणं थांबवलं. न्यायाधीश त्याला म्हणाले, “लिहा. थांबू नका.”

जामीन तिथेच झाला. कालच्या साक्षी रद्द, पुढची तारीख जानेवारीत. त्या दिवशीच्या चालक-वाहकाला बोलवायचं ठरलं. खटला कदाचित तिथपर्यंत पोचणारही नाही. मी हा खटला सोडत असल्याचं लेखी दिलं आहे. माझी चौकशी होईल. व्हायला हवी. मोतीरामचा मुलगा बाहेर मला म्हणाला, “मंग आमच्या बापाचे हात कोनं जाळले, मॅडम?” वर्षभर आपण सगळे एकाच मुलाकडे बघत राहिलो, बाकी कोणाकडे बघितलंच नाही. मोतीरामचंही आपण देणं लागतो.

किसनराव शेवटच्या बाकावर होते. कोर्टातलं बोलणं त्यांना कळलं नाही. मनालीने जवळ जाऊन सांगितलं, “बाबा, कागद पोचले की उद्या सुटेल अश्वजित.” मला वाटलं रडतील. ते म्हणाले, “उद्या कितीक वाजता, पोरी? वापस जायले गाडी पाहा लागन.”

मी त्यांच्याजवळ गेले. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं. त्यांनी मला ओळखलं नाही. काळ्या कोटातल्या सगळ्या बाया त्यांना सारख्याच दिसत असाव्यात. म्हणाले, “जयभीम मॅडम, तुमचे लय उपकार.” मनालीकडची समजले मला. मी माफी न मागताच बाहेर आले. ही माझी आणखी एक चूक.

तुझ्या ठाण्यातून काही आलं का?

जयू


उंद्री,
रविवार, २३ नोव्हेंबर

प्रिय जयू,

निलंबनाचा आदेश सोमवारी आला. साहेबांनाही नोटीस आहे. काजल म्हणाली, “चला, आता मले डबा वेळेवर भेटन.” पोरगी तुझ्यासारखीच आहे, अशा वेळीच तिला विनोद सुचतात. वर्दी धुऊन ठेवली.

काल टाकळवाडीला जाऊन आले. कोणी बोलावलं नव्हतं. साध्या साडीत गेले. थांब्यावर उतरले तर सत्यभामाबाई दारातच. मला न्याहाळून म्हणाली, “तूच का वं ते साडेसातवाली?” गावात आता माझं तेच नाव झालेलं दिसतं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, “माह्या तोंडातून नाई निंगालं ते तू माह्या अंगठ्यावर टाकलं. लोकं मले म्हणे, म्हातारीनं पोरगं आत घातलं. सालभर कोणी माह्या दारात बसलं नाई, बाई.” हे मला माहीतच नव्हतं. मी तिच्या दारात बसले. ती उठ म्हणाली नाही, बस म्हणाली नाही.

तिथून किसनरावांकडे. अश्वजित अंगणात रिक्षा धूत होता. वर्षभर उभी राहून चाकं जमिनीत रुतली होती, तिथली माती अजून ओली दिसत होती. त्याने मला पाहिलं, बादली उचलली आणि रिक्षाच्या पलीकडच्या बाजूला गेला. तिकडूनच धूत राहिला. मी जाईपर्यंत अलीकडे आला नाही.

किसनरावांनी खुर्ची दिली. मी म्हटलं, बाबा, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, “वाचून दाखोलं मनालीताईनं. तुमचे दोन्ही कागद.” मग म्हणाले, “एक इचारू का ताई?”

जयू, आता जे लिहिते ते मी तुला सांगितलं नव्हतं. जबाबातही नाही, पत्रातही नाही. मला वाटत होतं की मी सगळं सांगून टाकलं आहे.

एप्रिलमध्ये एका दुपारी किसनराव ठाण्यात आले होते. थांब्यापासून उन्हात चालत. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की आगाराला पत्र गेलंय. त्यांनी मला विचारलं, “ताई, त्याचं उत्तर आलं का?” मी त्यांना बाकावर बसवलं, माझ्या बाटलीतलं पाणी दिलं आणि म्हटलं, “नाही आलं बाबा अजून. आलं की मी स्वतः कळवीन.” माझं कोपर ज्या फाईलीवर टेकलं होतं त्यात तो कागद होता.

काल त्यांनी तेच विचारलं. “तुमी मले पाणी पाजलं होतं पाहा उन्हाळ्यात. तवा आलं होतं का ते उत्तर?”

नाही म्हणता आलं असतं. त्यांच्याकडे तारखा नाहीत, ते शिक्के वाचत नाहीत. मी म्हटलं, “हो. आलं होतं.”

ते मान हलवत राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, “मी त्या दिशी घरी येऊन सिंधूले सांगतलं होतं, की ठाण्यात आपली एक बाई हाये, लय चांगली हाये. तिच्या भरवशावर रोज दिवा लावे ते.”

त्यांच्या पत्नी सिंधूताई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

हे पत्र मनालीताईंकडे पोचतं कर. तेही बाकीच्या कागदांना जोडलं जाऊ दे.

सारिका